वादळात पडलेली केळी : घरच्या घरी मसाल्याचा मुरंबा



वैशाख सरताना आपल्या यावल-रावेर भागात संध्याकाळी वारा सुटला की केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. घड लागलेले झाड भाराने आधीच वाकलेले असते, वाऱ्याच्या एका झोताने ते मधोमध मोडते. पंचनामा होईल, विम्याचे काय ते होईल, पण जमिनीवर पडलेला घड कोणासाठी थांबत नाही. व्यापारी त्याला वापसीच्या भावातही हात लावायला तयार नसतो. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच केळीतला किती माल दरसाल बांधावर कुजतो, याचा हिशेब ज्याचा त्याने घरी मांडून पाहावा.

सगळी बाग काही चुलीवर शिजवता येत नाही, हे आधीच सांगतो. हिरवा माल वेफरवाल्याकडे जाईल, अगदी कोवळा गुरांपुढे जाईल. पण भरलेल्या घडातून दहा-वीस किलो केळी घरात पिकवून त्यांचा मुरंबा केला, तर पावसाळाभर मुलांच्या पोळीला लावायला होतो. मात्र पंचनामा आणि फोटो झाल्याशिवाय शेतातले घड हलवू नका.

थंड मुलखातले लोक सफरचंद दालचिनी घालून शिजवतात व तो गर बाटल्यांत भरून वर्षभर खातात. आपणही केळ्याचे तसेच करू, असे पुष्कळांना वाटते. इथेच घोटाळा होतो. सफरचंद मुळात आंबट आणि केळे गोड, हा फरक केवळ चवीचा नाही.

माती परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सामू’ लिहिलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. फळांनाही सामू असतो. जितका आंबटपणा जास्त तितका सामू कमी. सफरचंदाचा साधारण साडेतीनच्या आसपास, तर पिकल्या केळ्याचा साडेचार ते पाचच्या वर. आता 4.6 हा आकडा ध्यानात ठेवा. सामू याच्या वर असेल आणि बरणी हवाबंद असेल, तर तिच्यात एक जातीचा जंतू वाढून विष तयार करू शकतो. तो जंतू मातीत असतो आणि त्याचे बीज नुसत्या उकळण्याने मरत नाही. वासावरून, चवीवरून हे विष ओळखू येईलच असे नाही, आणि त्याने माणूस दगावतो. म्हणून आंबट न घातलेला, कमी साखरेचा केळ्याचा गर बरणीत भरून ठेवू नये. तो शिकरणासारखा समजावा, म्हणजे केला त्याच दिवशी संपवावा. टिकवायचा असेल तर दोन गोष्टी लागतात : आंबट आणि भरपूर साखर. दालचिनी-लवंगेने माल टिकतो असे जुनी माणसे म्हणतात, पण आपण घालतो तेवढ्या मसाल्याने फक्त चव येते.

केळ्याच्या कडेच्या धारा बुजून ते गोलसर झाले असेल, तर ते पिकेल. धारदार केळे पिकत नाही, नुसते मऊ पडते. फण्या सोडवून, धुऊन, कोरड्या करून गोणपाटावर बंद खोलीत ठेवा आणि मध्ये दोन-चार पिकलेली केळी ठेवा. पिकल्या फळातून निघणाऱ्या वायूने बाकीची लवकर पिकतात. कार्बाइडला हात लावू नका, फळे पिकवण्यासाठी ते वापरण्यास कायद्याने बंदी आहे. साल पिवळी होऊन तिच्यावर बारीक ठिपके आले की केळे शिजवायला तयार झाले. मार लागून काळा पडलेला भाग चाकूने काढून टाका. फुटलेले, आंबूस वास येणारे केळे घेऊच नका.

साहित्य असे घ्या : सोललेला गर 2 किलो (त्याला सालीसकट तीन किलोच्या वर केळी लागतात), साखर दीड किलो, लिंबूसत्त्व म्हणजे दुकानातले लिंबूफूल 12 ग्रॅम, दालचिनीचे दोन बोटभर तुकडे, सात-आठ लवंगा, सहा वेलदोडे, सुंठीची पूड एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ. लिंबूफूल नसेल तर बारा-पंधरा रसदार कागदी लिंबांचा रस चालतो. पण उन्हाळ्यात लिंबे महाग, आणि कैऱ्या मात्र घरोघरी पडलेल्या. तेव्हा दीड किलो केळ्याच्या गराला अर्धा किलो शिजवलेला आंबट कैरीचा गर घाला. माझ्या मते चवीला हाच प्रकार सरस. कैरी मात्र करकरीत आंबट हवी, पाडाला लागलेली चालणार नाही.

भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्या, जाड बुडाचे. लोखंडी कढईत गर काळा पडतो, आणि कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवणे धोक्याचे. रिकामे भांडे आधी तराजूवर ठेवून त्याचे वजन लिहून ठेवा, त्याचे कारण पुढे येईल.

केळे कापले की हवेने काळे पडते. म्हणून सोलल्याबरोबर कुस्करा आणि लगेच निम्मे लिंबूफूल थोड्या पाण्यात विरघळवून त्यात कालवा. पेलाभर पाणी घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे शिजवा व चाळणीतून घासून घ्या. मग साखर घाला. दालचिनी, लवंग व वेलदोडे जाडसर कुटून पातळ फडक्यात पुरचुंडी बांधा आणि ती गरात सोडा. आता ढवळणे थांबवायचे नाही. दाट गर फटफट उडतो आणि अंगावर चिकटून भाजतो, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या आणि लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा. उरलेले लिंबूफूल, सुंठ व मीठ शेवटी घाला आणि पुरचुंडी पिळून काढा.

झाले कधी म्हणायचे? भांड्यासकट वजन करा. भांड्याचे वजन वजा जाता मुरंबा पावणेतीन किलोच्या आसपास भरला की साखरेचे प्रमाण टिकण्याजोगे झाले. तीन किलोच्या वर असेल तर पुन्हा आचेवर ठेवा. साखर महाग म्हणून निम्मी घालणारे बरेच भेटतात. तसा केलेला मुरंबा आठ दिवसांत बुरशी धरतो आणि साखर, केळी, सरपण तिन्ही वाया जातात. गूळ घालायचा असेल तर थोड्याच दिवसांत संपेल एवढाच करा, कारण गुळाची प्रत सारखी नसते.

काचेच्या बरण्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळवा आणि पालथ्या घालून पूर्ण कोरड्या करा. मुरंबा कढत असतानाच गरम बरणीत काठापर्यंत भरा, बरणी लाकडी पाटावर ठेवा म्हणजे तडकणार नाही. झाकण घट्ट लावून पाच मिनिटे बरणी उलटी ठेवा. वर तारखेची चिठ्ठी चिकटवा. अंधाऱ्या, गार कोनाड्यात तीन-चार महिने चांगला राहतो. उघडल्यावर नेहमी कोरडा चमचा वापरा. वर बुरशी दिसली, झाकण फुगले किंवा फेस आला, तर वरचे काढून खालचे खाऊ नका, सगळी बरणी खड्ड्यात पुरा.

कळण्याच्या तिखट भाकरीबरोबर हा फार छान लागतो. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र दूरच राहावे. बचत गटाच्या भगिनींना तो विकायचा असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे आधी नोंदणी करावी लागेल. त्याअगोदर पालच्या कृषी विज्ञान केंद्रात आपला नमुना घेऊन जाऊन सल्ला घ्यावा. साली शेळ्यांना घाला किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाका.