नावाचं भाडं

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी यंत्रं बंद असतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. त्याचं प्रेस शॉप आहे, चाकणच्या एका टिअर-वन, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांना थेट माल देणाऱ्या कंपनीला तो ब्रॅकेट, क्लिप असले पत्र्याचे लहानसहान पार्ट पुरवतो.

"अरे, चाकणवाले म्हणतायत तुमचा मेल बाऊन्स होतोय. आणि आपली वेबसाइट उघडली की भलत्यांच्याच हायड्रॉलिक प्रेसच्या जाहिराती दिसतायत."

मी उघडून पाहिलं. खरंच दिसत होत्या. दादाच्या वेबसाइटच्या नावाची, म्हणजे डोमेनची, मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. ज्या कंपनीकडे ते नाव नोंदवलेलं होतं, तिने मधल्या काळात त्या पत्त्यावर जाहिरातींचं पान टांगून ठेवलं होतं. नाव प्रेस शॉपचं म्हणून जाहिरातीही प्रेसच्याच. म्हणजे दादाच्या पाटीखाली त्याच्या स्पर्धकांचा धंदा चालला होता.

नाव नोंदवणाऱ्या या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. विवाह नोंदणीच्या किंवा सहकारी संस्थांच्या कार्यालयातला रजिस्ट्रार आपल्याला माहीत असतो. हा दिसत मात्र नाही. पण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक लहान उद्योगाचं त्याच्याशी वर्षाकाठी एकदा देणं-घेणं असतं, आणि बहुतेकांना त्याचं नावही सांगता येत नाही. दादालाही आलं नाही. "तो वेबसाइटवाला पोरगा बघायचा ते सगळं," एवढंच तो म्हणाला.

या पट्ट्यातल्या माणसाला ही साखळी समजावणं सोपं आहे, कारण तो रोज तशाच साखळीत जगतो. सगळ्यात वर रजिस्ट्री. डॉट कॉमची मूळ वही अमेरिकेतल्या व्हेरिसाइन कंपनीकडे, आणि डॉट इनची आपल्या निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे. हे झाले गाडी बनवणारे. त्यांच्याकडे आपल्याला थेट जाता येत नाही. त्यांच्याखाली मान्यताप्राप्त रजिस्ट्रार, म्हणजे टिअर-वन. त्यांच्याखाली रीसेलर, टिअर-टू, आणि तळाला निगडीच्या किंवा मोशीच्या फ्लॅटमधून वेबसाइट करून देणारा पोरगा. बिल पोरगा देतो, पैसे वरपर्यंत जातात, आणि वहीतली नोंद कुणाच्या नावाने पडली हे कुणी पाहत नाही. चाकणला पार्ट नापास झाला तर लॉट नंबरवरून थेट भोसरीच्या प्रेसपर्यंत माग काढता येतो. इथे तेवढीही शिस्त नसते.

डॉट इनची गोष्ट तशी आपल्या राज्यात सुरू झाली. १९८९ मध्ये भारताला हा शेपूटशब्द मिळाला तेव्हा त्याची वही मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेकडे होती. नावं देण्याचे नियम कडक होते. २००४ संपेपर्यंत अख्ख्या देशात सुमारे ७,००० नावंच नोंदली गेली. १ जानेवारी २००५ पासून निक्सीने दार उघडलं, रजिस्ट्रार नेमले, कुणीही यावं आणि नाव घ्यावं अशी सोय केली, आणि पुढे आकडा लाखांत गेला. काही दारं आजही बंद आहेत, आणि ते बरंच आहे. महापालिकेच्या नावापुढचं जीओव्ही डॉट इन फक्त एनआयसी ही सरकारी संस्था देते. आकुर्डी-निगडीच्या कॉलेजांच्या नावापुढचं एसी डॉट इन अर्नेट ही दुसरी सरकारी संस्था देते. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, सहकारी बँका धरून, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं. ती नावं एकट्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेकडूनच मिळतात. तिथे दर विचारत चार दुकानं फिरायची सोय नाही, आणि त्यामुळेच चोराला बँकेसारखं दिसणारं नाव दीडशे रुपयांत मिळत नाही.

आपल्यासारख्यांना मात्र फिरता येतं. फिरताना पहिली चूक होते ती दराची.

दादाच्या जुन्या फाइलीत २०१६ चं बिल सापडलं: डॉट कॉम, एक वर्ष, दीडशेच्या आत. दादा दर वर्षी त्या पोराला दोन हजार देत होता. "दीडशेच्या वस्तूचे दोन हजार?" म्हणून तो भडकला. मी त्याला एका चलनाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. डॉट कॉमचा घाऊक दर व्हेरिसाइन ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला, २०१६ मध्ये तो ७.८५ होता. त्यावर आयकॅन या जागतिक संस्थेचे २० सेंट, जुलै २०२५ पर्यंत ते १८ होते. डॉलर ८५ रुपये धरला तरी माल रजिस्ट्रारच्या हातात पडतो साधारण ८९० रुपयांना. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे हजाराच्या वर. मग दीडशेच्या आत कोण विकतो? ज्याला दुसऱ्या वर्षी वसूल करायचंय तो. नूतनीकरणाचा दर, मेलबॉक्सचं भाडं, होस्टिंग, यातून तो वसूल करतो.

दादाला हे लगेच पटलं. पहिल्या लॉटला रेट पाडून घेणारे आणि पुढे टूलिंगच्या नावाखाली काढणारे व्हेंडर त्याने पाहिलेत. "म्हणजे पहिल्या वर्षाचा रेट बघायचाच नाही," तो म्हणाला. बघायचा नाहीच. बघायचा तो नूतनीकरणाचा, आणि तो बहुधा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. डॉट इनचा घाऊक दर डॉट कॉमपेक्षा कमी आहे, गिऱ्हाईक देशातलंच असेल तर तेवढ्यावर भागतं. ऑनलाइन, स्टोअर, टेक अशा नव्या शेपटांचं पहिलं वर्ष फार स्वस्त दिसतं, पण दुसऱ्या वर्षाचा दर वाचल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक खर्च कोष्टकात दिसत नाही. परदेशी रजिस्ट्रार स्वस्त वाटतो, पण कार्डावर डॉलरचा अधिभार लागतो, आणि जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योगाला रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरावा लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरची आपोआप वसुली ई-मँडेटशिवाय, म्हणजे आधी नोंदवलेल्या संमतीशिवाय, होत नाही. ऑटो-रिन्यूचं बटण हिरवं दिसतं, माणूस निर्धास्त राहतो, आणि त्या दिवशी बँक व्यवहार नाकारते. देशी रजिस्ट्रारचं जीएसटी नंबर घातलेलं बिल शंभर रुपये महाग असलं तरी अकाउंटंटच्या दृष्टीने ते स्वस्तच.

सोयींचं म्हणाल तर निम्म्या सोयी फाफटपसारा असतो. फुकट एक पानी वेबसाइट, सर्च इंजिनात नोंदणी, कसला तरी हिरवा बिल्ला. नाव-पत्ता लपवण्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नयेत. २०१८ मध्ये युरोपचा गोपनीयतेचा कायदा आल्यापासून डॉट कॉमच्या बहुतेक नोंदी तशाही झाकलेल्या असतात, आणि डॉट इनमध्ये असा बुरखा घ्यायला परवानगीच नाही. कामाच्या सोयी चारच. दोन टप्प्यांचं लॉगिन. नाव हलू नये म्हणून कुलूप. डीएनएसच्या, म्हणजे नाव कुठे नेतं ते सांगणाऱ्या, नोंदी आपल्याला हव्या तशा बदलता येणं. आणि फोन उचलणारा माणूस. तिसरी सोय पूर्वी वेबसाइटवाल्याची चिंता होती, आता ती विक्री विभागाची झाली आहे. मेल खरंच तुमच्याकडून आला याचा पुरावा देणाऱ्या नोंदी तिथेच भराव्या लागतात, नाहीतर कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं.

आणि पट्ट्यात सध्या जी फसवणूक चालते तीही याच मैदानात. मेल नेहमीच्या पुरवठादाराचा, खाली सही तीच, मजकूर असा की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा. पत्ता डोळे बारीक करून पाहिला तर कळतं: 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेत. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ज्याने ते नाव घेतलं त्याने बहुधा पहिल्या वर्षाच्या स्वस्त दरातच घेतलं असणार.

आपल्या नावांची तर आधीच पंचाईत. चिंचवडमधला व डब्ल्यूने लिहायचा की व्हीने? श्री दोन ईने लिहायचं, की एच गाळून? लक्ष्मीत एक्स की केएस? इंजिनीअरिंग पूर्ण लिहिलं तर अकरा अक्षरं, म्हणून सगळे 'ई-एन-जी-जी' करतात, आणि फोनवर जर्मन बायरला ते दोनदा सांगतात. ऑगस्ट २०१४ मध्ये निक्सीने देवनागरीत डॉट भारत आणलं, मराठीही त्यात आहे. माझा जीव त्यात होता. पण आतून ते नाव रोमन अक्षरांच्या एका न वाचता येणाऱ्या ओळीत बदलून फिरतं, आणि असा ईमेल पत्ता बऱ्याच फॉर्ममध्ये चुकीचा म्हणून परत येतो. पाटी म्हणून घ्यावं, व्यवहाराला नको.

दादाच्या गोष्टीकडे येतो. नोंद उघडल्यावर कळलं, मालक म्हणून दादाचं नावच नव्हतं. पोराने २०१६ मध्ये स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून ते घेतलं होतं. पोरगं बेंगळुरूला नोकरीला लागलं, नंबर बदलला. रजिस्ट्रारला फोन केला तर उत्तर एकच: खातेदाराच्या ईमेलवरून विनंती पाठवा. मला राग आला, पण त्यांचं बरोबरच होतं. कुणीही फोन करून मी दादा बोलतोय म्हणेल आणि नाव घेऊन जाईल, असं चालायचं नाही.

इथे दादाला मी एमआयडीसीचा प्लॉट आठवायला सांगितला. प्लॉट विकत घेतला असं सगळे म्हणतात, पण कागदावर तो ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो. हस्तांतर करायचं तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. डोमेनचंही तसंच आहे. नाव विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. आणि भाडेपट्ट्यावर सही कुणाची, हा प्रश्न दराच्या आधी विचारायचा असतो. "म्हणजे शेड मी बांधली, मशीन माझं, आणि प्लॉट त्या पोराच्या नावावर?" दादा म्हणाला. अगदी तेच.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच जात नाही. डॉट कॉममध्ये आधी सवलतीचे दिवस असतात, रजिस्ट्रारनुसार फार तर ४५. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, ज्यात दर अनेक पटींनी वाढतो. शेवटचे पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि मग नाव बाजारात. मोठमोठ्यांचंही असं होतं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन अडकलं. ते पैसे शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने भरले.

आमच्या पोराचा नंबर आठवडाभराने त्याच्या चिखलीतल्या मामाकडून मिळाला. भला निघाला, त्याच संध्याकाळी नेहमीच्या दराने नाव पुन्हा चालू केलं. पण लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलं नाही. मुदत संपल्यानंतर भरलेलं वर्ष ४५ दिवसांच्या आत हलवलं तर वाया जाऊ शकतं, म्हणून थांबलो. मग कुलूप काढलं, त्याच्याकडून हस्तांतराचा कोड घेतला, आणि नव्या खात्यात नाव आलं तेव्हा मालकाच्या रकान्यात पहिल्यांदा फर्मचं नाव पडलं.

नवा रजिस्ट्रार निवडताना दादाने जो प्रश्न विचारला तो मला सुचला नव्हता. "आणि हीच कंपनी बंद पडली तर?" प्रश्न हवेतला नाही. नेट-फोर-इंडिया हा एकेकाळचा मोठा रजिस्ट्रार. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि हजारो ग्राहकांना ना नूतनीकरण करता येईना, ना नाव बाहेर काढता येईना. शेवटी २०२१ मध्ये आयकॅनने तिची मान्यता काढली आणि नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली. ही पब्लिक डोमेन रजिस्ट्री मूळची मुंबईची. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये काढलेल्या डायरेक्टीतून ती उभी राहिली, २०१४ मध्ये एंड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेली, आणि २०२१ पासून न्यूफोल्ड या कंपनीच्या छत्राखाली आहे. गूगलनेही २०२३ मध्ये आपलं डोमेनचं दुकान स्क्वेअरस्पेसला विकून टाकलं. म्हणजे रजिस्ट्रार कितीही मोठा असला तरी तो आज आहे तिथेच उद्या असेल असं नाही. आपल्या हातात एवढंच: मालकाच्या रकान्यात आपलं नाव, आणि संपर्काचा ईमेल त्या डोमेनवरचा नाही तर दुसरीकडचा. नाहीतर नाव बंद पडलं की ते सोडवायचा निरोपही त्याच बंद पेटीत जातो. आमच्या प्रकरणात स्मरणपत्रं गेलीच होती, पोराच्या एका जुन्या मेलवर, जो त्याने तीन वर्षं उघडला नव्हता.

पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. खंडेनवमीला दादाकडे गेलो तर प्रेसला झेंडूचे हार, टूल रूमच्या व्हाइसवर हळदकुंकू, आणि ऑफिसात भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याची झेरॉक्स. तिच्यामागे डोमेनच्या नोंदीची प्रिंट, मुदतीच्या तारखेभोवती लाल पेनचा गोल. पुतणीने पाकीट काढलं, तारीख मोठ्याने वाचली, आणि त्यावरही कुंकवाचं बोट लावलं.