बर्फात थांबलेली गाडी

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात एक ठरलेली विनंती येऊ लागते : "डॉक्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या, मुलाकडे कॅनडाला निघालोय." मग रक्तदाब पाहिला जातो, गोळ्यांची यादी होते, लोकरी मोज्यांवर चर्चा झडते. तिकडच्या रस्त्यांचा विषय मात्र निघत नाही. मीही तो काढत नसे. गेल्या वर्षी परतलेल्या एका दांपत्याची हकिकत ऐकली आणि काढू लागलो.

मुलगा गाडी चालवीत होता, सत्तरी ओलांडलेले वडील शेजारी, आई मागे. माँट्रियलहून ऑटावाकडे जाताना हिमवादळाने वाहतूक ठप्प झाली. इंजिन चालू, हीटर चालू, काचा बंद. तासाभरात आईंचे डोके दुखू लागले, मळमळले, मग त्या पेंगू लागल्या. वय झालेले, त्यात प्रवासाचा शीण, असे बापलेकांना वाटले. त्यांना निवांत झोपता यावे म्हणून मुलाने गाणीही बंद केली. तेवढ्यात मागच्या गाडीतील एका अनोळखी गृहस्थाने काचेवर टकटक केली. सायलेन्सरचे तोंड बर्फात गाडले गेले होते!

नळी अशी बुजली की इंजिनाचा धूर गाडीखाली साचतो आणि फटींतून आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. हृदयविकार असलेल्यांना थोडे प्रमाणही बाधते. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटावरचे ऑक्सिमीटर येथे फसवते : रुग्ण बेशुद्धीकडे झुकत असताना ते खुशाल ९८ दाखवू शकते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये वीसहून अधिक जण दगावले. कडाक्याची थंडी आणि हाच वायू, अशी दोन्ही कारणे तेव्हा सांगितली गेली.

म्हणून गाडी अडकली, तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतालचा बर्फ काढावा आणि हिमवर्षाव चालू असेपर्यंत पुन्हापुन्हा पाहावे. इंजिन तासाला दहाएक मिनिटेच चालवावे आणि तेवढा वेळ वारा लागत नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. उरलेला वेळ घोंगड्यांवर काढावा. डोकेदुखी, मळमळ व गुंगी अशी लक्षणे दिसताच इंजिन बंद करून काचा उघडाव्यात, रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे आणि तातडीची मदत बोलवावी. गाडीत बसलेल्या वृद्धांना 'झोपू द्या' म्हणण्याचा मोह टाळून दर थोड्या वेळाने बोलते करावे.

गाडी चालविण्याविषयी मी अधिकाराने काय सांगणार! पण घाटात चाळीस वर्षे गाडी हाकली, हा अनुभव बर्फावर उपयोगी पडत नाही, हे अनेक ज्येष्ठांना पटत नाही. तेथे ओला भासणारा काळाभोर रस्ता प्रत्यक्षात पारदर्शक बर्फाच्या पापुद्र्याखाली असू शकतो. खालून-वरून गार वारा लागत असल्याने पूल सर्वांत आधी गोठतात. थांबायला लागणारे अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापटही होऊ शकते. चाके घसरलीच, तर पायांचा दाब सोडून, जिकडे जायचे तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हलकेच वळवावे. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ज्यांना मोतीबिंदूमुळे दिव्यांची तिरीप सहन होत नाही, त्यांनी रात्री तेथे गाडी चालवूच नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन तर नाहीच. आणि डॉक्टरांची तारीख हुकेल म्हणून वादळात निघू नये. एक फोन केल्यास तारीख बदलून मिळते.

प्रवासापूर्वी जाड कोट काढून पट्टा अंगालगत बांधावा आणि कोट वरून पांघरावा. कोटावरून बांधलेला पट्टा धडकेच्या वेळी सैल पडतो. इन्सुलिन डिकीत ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आतल्या खिशात शरीराजवळ ठेवावे. दोन दिवसांच्या गोळ्या, पाणी, खाऊ, भरलेला मोबाइल आणि लहान फावडे गाडीत असावे. म्हाताऱ्या माणसाला पुरेशी हुडहुडी न भरताही शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरू शकते, हे सोबतच्यांनी ध्यानात ठेवावे.

मुक्कामी पोचल्यावर उतरण्याची घाई करू नये. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, दाराचा आधार घेऊन उठावे. मुलाचा हात मागण्यात कमीपणा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि पडून डोक्याला मार लागला, तर बाहेर खोक नसली तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

त्या आई मोकळ्या हवेत आल्यावर सावरल्या, इस्पितळात त्यांना प्राणवायू दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी परतल्या. यंदा ते दोघे पुन्हा निघाले आहेत. गोळ्यांच्या यादीखाली मी या वेळी दोन शब्द जादा लिहिले : सायलेन्सर पाहणे.