पडदे नसलेला बेस आणि रेला गीतांची नोंद
मायकेल मॅनरिंगचा फ्रेटलेस बेस हेडफोन लावून ऐकाच. साध्या बेसवर दर पडद्याला कंपनसंख्या जवळपास 6 टक्क्यांनी उडी मारते. फ्रेटलेसवर सरोदसारखी मींड सलग निघते. पण बोट जरा हललं की सूर गेला! या गड्याचा हायपरबेस जो झॉन यांनी घडवला. त्यावर खटके फिरवून वाजवता वाजवताच तारांची जुळणी बदलते. साथीला कोणी नाही, तरी मैफल भरते.

आपल्या कामाशी संबंध असा: धानोऱ्यात रेला गीतं नोंदवणार असाल, तर ती थेट हार्मोनियमच्या बारा सुरांत बसवू नका. दोन पट्ट्यांमधला सूर कागदावर उगाच ‘बेसूर’ ठरतो. आधी प्राटमध्ये सुराचा आलेख काढा. सॉफ्टवेअर मोफत आहे. मात्र रेला समूहात गातात आणि मिसळलेल्या आवाजांत प्राट गोंधळतं, म्हणून एका गायिकेजवळ वेगळा माईक ठेवा.