साथीला अख्खं चर्च
१३ आणि १४ जानेवारी १९७२. लॉस एंजलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च; पूर्वीचं सिनेमा थिएटर. त्या दोन रात्री अरीथा फ्रँकलिन तिथं गायली, अटलांटिक कंपनीनं ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्यातून ‘अमेझिंग ग्रेस’ हा दोन रेकॉर्डचा अल्बम निघाला. एकट्या अमेरिकेत त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. तिच्या दुसऱ्या कुठल्याही अल्बमला एवढा खप मिळाला नाही.

तेव्हा ती २९ वर्षांची होती. तिचं ‘रिस्पेक्ट’ हे गाणं येऊन पाच वर्षं होत आली होती आणि सोल संगीताची राणी म्हणून सगळे तिला ओळखत होते. सोलची गायकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच आलेली. फक्त देवाऐवजी प्रियकराला आळवायचं. म्हणून तर तिकडं गेलेल्या गायकांवर चर्चमधली जुनी मंडळी नाराज असत. सॅम कुक, रे चार्ल्स यांनी तो राग सोसला. अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटचे गाजलेले धर्मोपदेशक, त्यांच्या प्रवचनांच्याही रेकॉर्ड विकल्या जात. दुसऱ्या रात्री ते उठून बोलले, त्याचा मथितार्थ असा, की माझी मुलगी चर्च सोडून कधी गेलीच नव्हती. मला हे शंभर टक्के पटतं.

मी कीर्तनाला पेटीची साथ करते, त्यामुळे माझा कान आधी साथीकडे जातो. इथं पियानोवर आहेत रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड. अरीथा लहान असताना ते तिच्या वडिलांच्या चर्चमध्ये संगीत बघायचे. ती त्यांचं ऐकतच वाढली. मागे त्यांचं सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, अलेक्झांडर हॅमिल्टन त्याचं संचालन करतो. पण ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बासवर चक रेनी, गिटारवर कॉर्नेल डुप्री! ही तिच्या सोलच्या गाण्यांची मंडळी. भजनाखाली तोच ठेका, तेच वजन. आणि बाकांवरची माणसं तर साथीदारच. तिनं एखादी जागा घेतली की टाळ्या, हाका, आरोळ्या येतात. त्या कानावर पडताच ती तीच ओळ पुन्हा धरते आणि आणखी वर नेते. रंगलेल्या कीर्तनात श्रोते बुवांना पुढे ढकलतात, तसंच. बंद स्टुडिओत हे जमलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

शीर्षकगीत दहा मिनिटांहून मोठं आहे. जॉन न्यूटन या इंग्रज धर्मगुरूनं अठराव्या शतकात लिहिलेलं हे पद. पाद्री होण्याआधी हा माणूस गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. ते पद गुलामांच्या वंशजांनी आपलं केलं, हे डोक्यात ठेवून ऐकावं. अरीथा ते ठेक्यात बांधत नाही. एकेक अक्षर ताणते, वळवते, थांबते, आणि तिचा श्वास कुठं संपेल याकडे लक्ष ठेवून साथीदार तिच्यामागून जातात. त्या रात्रींच्या चित्रफितीत दिसतं, की क्लीव्हलंडना पुढं वाजवणं अशक्य होतं. ते पियानोपासून दूर होतात आणि तोंड झाकून रडू लागतात. साथीला बसलेल्या माणसाचं असं होणं काय असतं, ते मला कळतं.

आणखी एका ठिकाणी ती थॉमस डॉर्सीच्या ‘प्रेशस लॉर्ड’मध्ये कॅरोल किंगचं ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ मिसळते. डॉर्सीनं १९३२ साली, बाळंतपणात बायको आणि पाठोपाठ बाळही गेल्यावर ‘प्रेशस लॉर्ड’ रचलं. गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या या गायकीचा, जनक म्हणवला जाणारा हा माणूस आधी ब्लूजचा पियानोवादक होता. चर्चच्या आतलं गाणं आणि बाहेरचं गाणं अशी भिंत मुळात कच्चीच होती, ती अशी.

दोन्ही रात्री दिग्दर्शक सिडनी पोलॅक चित्रीकरण करत होता. पण शॉटच्या सुरुवातीला क्लॅप दिलाच गेला नाही, त्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना. चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तो २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, अरीथा गेल्यावर तीन महिन्यांनी. ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ गाताना ती स्वतः पियानोवर आहे आणि वडील पुढं होऊन तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात, हे त्यात पाहायला मिळतं. ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांनी १९९९ मध्ये निघालेलं संपूर्ण ध्वनिमुद्रण घ्यावं. त्यात दोन्ही रात्री घडल्या त्याच क्रमानं आहेत आणि काही गाणी दोनदा येतात. ती लागोपाठ ऐका, एकदा तिच्याकडे कान देऊन आणि एकदा बाकांवरच्या माणसांकडे.