दिवाणखान्याचे झुंबर : विकतचे की घरचे?

नवा ब्लॉक झाला, पडदे लागले, सोफा आला, की गृहिणीची नजर हळूच छताकडे वळते. मधोमध एखादे झुंबर असते तर! मग दुकानात चक्कर होते, किंमत कानावर पडते आणि ‘पुढच्या दिवाळीला बघू’ असे म्हणत आपण घरी परततो. पण मैत्रिणींनो, झुंबर म्हणजे काचेच्या लोलकांचा ढीगच असला पाहिजे, असे थोडेच आहे? आजकाल गोल कड्यांची, तीन दिवे एका ओळीत सोडलेली, पिंजऱ्यासारखी साधी झुंबरेही मिळतात. आणि त्यांच्या तोडीचे झुंबर तुम्हाला घरीही करता येते. मात्र विकतचे घ्या की घरचे करा, पहिला विचार झुंबराचा नको. ते ज्याला टांगायचे त्या हुकाचा हवा.

आधी हुक, मग झुंबर

ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधलेला जयविलास महाल आहे. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत, एकेक सुमारे साडेतीन टनांचे! ती टांगण्याआधी छत किती भार पेलते हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. राजेरजवाड्यांनाही छताची परीक्षा घ्यावीशी वाटली, मग आपण का घेऊ नये?

रायगडाला जाताना हिरकणीवाडीत थांबला असाल, तर तिथला रोपवे पाहिला असेलच. १९९६ पासून तो लोकांना गडावर नेतो-आणतो आहे. पाळण्यात बसताना आपण विचारतो, तार पक्की आहे ना? घरातल्या छताकडे पाहून मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. खाली आपलीच लेकरे खेळत असतात, बरं का!

हुकाची परीक्षा सोपी आहे. झुंबर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. त्याच्या चौपट वजन हुकाने पेलायला हवे. झुंबर दोन किलोचे असेल, तर बादलीत आठ लिटर पाणी घ्या. दोर लांब ठेवून बादली जमिनीपासून वीतभर वर टांगा, म्हणजे पडली तरी नुकसान नाही. तासाभराने पाहा: हुक हलला, भोवतीचा गिलावा भुरभुरला, तर ती जागा बाद. ही बादली म्हणजे आपला घरगुती हत्ती!

स्लॅब असेल तर हुक थेट स्लॅबमध्येच बसवून घ्या. प्लास्टरच्या शोभेच्या छताला काहीही टांगू नका. महाड-पोलादपूरकडच्या कौलारू घरात हुक तुळईत घट्ट पिळून बसवा. रीप किंवा बारीक वासा त्या कामाचा नाही. पंख्याच्या हुकातच झुंबर अडकवणे तर नकोच.

किती मोठे, किती उंच?

खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून बेरीज करा. तितक्या इंचांचे झुंबर शोभून दिसते. १० बाय १२ ची खोली असेल, तर २२ इंच. त्याखालून ये-जा होत असेल, तर जमिनीपासून निदान ७ फूट वर हवे. जेवणाच्या टेबलावर असेल, तर टेबलापासून अडीच फूट पुरे. छत बुटके असेल, तर लांब झुंबराचा हट्ट नको.

रोवळीचे झुंबर

कोकणात तांदूळ धुवायला बुरुडाने विणलेली रोवळी वापरतात. तिच्या फटींतून उजेड पडला, की भिंतीवर सुरेख जाळी उमटते.

*साहित्य :* एक मोठी नवी रोवळी, कडी असलेला होल्डर, वायर, बारीक साखळी, ९ वॉटचा एलईडी दिवा, पॉलिशपेपर, पारदर्शक व्हार्निश.

*कृती :* रोवळी दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. पॉलिशपेपरने कुसळे काढा, नाहीतर हाताला टोचतील. व्हार्निशचे दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. मग रोवळी पालथी धरा. बुडाच्या पट्ट्या कापू नका, हळूच बाजूला सारा आणि त्यातून होल्डर बसवा. दिव्याच्या चारी बाजूंना चार बोटे मोकळी जागा राहायला हवी. साखळी होल्डरच्या कडीत अडकवा आणि वायर तिच्याभोवती सैल गुंडाळा. वजन साखळीने पेलायचे, वायरने नाही! शेवटची जोडणी मात्र वायरमनकडून, मेन स्विच बंद करूनच करून घ्या.

यात जुना ६० वॉटचा तारेचा दिवा कधीही लावू नका. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि बांबू तापतो. ९ वॉटच्या एलईडीचा उजेड जवळजवळ तेवढाच पडतो. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला घेतलात, तर पिवळसर, डोळ्यांना निववणारा उजेड मिळेल.

बांगड्यांची हौस असेल तर

जुन्या काचेच्या बांगड्यांचे झुंबर फार देखणे दिसते. पण काचेच्या कडेने दोरा झिजतो आणि नायलॉनची गाठ सुटते. म्हणून बांगड्या तांब्याच्या बारीक तारेने जोडा. चार-पाच डझन बांगड्या एकत्र आल्या, की वजन वाटते त्यापेक्षा बरेच जास्त भरते. तेव्हा काटा आणि बादली, दोन्ही विसरू नका.

पावसाळ्यातली निगा

आपल्याकडचे चार महिने म्हणजे नुसता ओलावा. बांबूवर बुरशी धरते, लोखंडी साखळी गंजते. साखळी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. पहिल्या पावसानंतर दिव्यावर पाखरे येतात, ती रोवळीत साचू देऊ नका. पंधरवड्याला दिवा बंद करून कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही. दसऱ्याच्या साफसफाईत झुंबर खाली उतरवून एक दिवस ऊन द्या. त्याच वेळी वर चढलेल्या माणसाला सांगा, हुक हाताने हलवून बघ. गंज दिसला, तर तो बदलून मगच झुंबर पुन्हा वर जाऊ द्या. पाहुणे झुंबराचे कौतुक करतील, हुकाचे कुणी करणार नाही. पण त्याच्याकडे घरातल्या बाईचे लक्ष असले, की सगळे निर्धास्त.