गुलाबी पेपरच्या आयडाबाई

आगगाडीत बायकांच्या डब्याचं तिकीट काढून बसल्या होत्या. 'तुम्ही काळ्या, पलीकडच्या डब्यात चला,' म्हणत कंडक्टरने दंडाला धरलं, तर बाईंनी त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला! मग तिघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. बाई कोर्टात गेल्या आणि १८८४मध्ये ५०० डॉलर जिंकल्या. १८८७मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, ते सोडा.

या आयडा बी. वेल्स. जन्म १८६२चा, अमेरिकेतल्या मिसिसिपीत, तोही गुलामीत. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आईवडील गेले. भावंडांना पोसायला वय वाढवून सांगितलं आणि मास्तरीण झाल्या.

पुढे मेम्फिसमध्ये त्यांनी 'फ्री स्पीच' हा पेपर चालवला. गिऱ्हाइकांत निरक्षरही पुष्कळ. विकत घ्यायचा आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. काही पोरं त्यांच्या गळ्यात भलताच पेपर मारायची. बाईंनी सरळ गुलाबी कागदावर छपाई सुरू केली. आता फसवून दाखवा!

मार्च १८९२. बाईंचे मित्र टॉमस मॉस आणि त्यांचे दोन साथीदार यांना झुंडीने तुरुंगातून नेऊन ठार मारलं. वादाचं मूळ काय, तर त्यांचं किराणा दुकान जोरात चालत होतं आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचा गल्ला आटत होता. 'हे शहर सोडा,' बाईंनी लिहिलं. लोक खरंच निघाले. उरलेल्यांनी विजेच्या ट्राममध्ये बसणं टाकलं. ट्राम कंपनीचे साहेब धावत पेपरच्या कचेरीत! 'तुमचे लोक विजेला घाबरतात की काय?' बाईंनी हा सगळा संवादच पुढच्या अंकात छापला.

मे महिन्यात बाईंच्या लिखाणावर भडकलेल्या जमावाने कचेरी फोडली. बाई परगावी होत्या म्हणून वाचल्या. मेम्फिसला परतणं म्हणजे मरणच होतं. पण लेखणी थांबली नाही. १८९५च्या 'द रेड रेकॉर्ड'मध्ये त्यांनी झुंडबळींचे आकडे दिले, तेही मुद्दाम गोऱ्यांच्या 'शिकागो ट्रिब्यून'मधून घेऊन. खोटं म्हणणार कोण?

विवेकानंद १८९३मध्ये शिकागोत बोलले ना, त्याच जागतिक मेळ्यात काळ्यांना का डावललं, हे सांगणारी पुस्तिका बाई वाटत होत्या. १८९५मध्ये लग्न, तेही व्याख्यानांपायी तीनदा पुढे ढकललेलं. आडनाव लावलं वेल्स-बार्नेट, माहेरचं काही सोडलं नाही. पुढे तान्हं बाळ कडेवर घेऊन दौरे.

१९३१मध्ये त्या गेल्या. पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला २०२०मध्ये, म्हणजे ८९ वर्षांनी. आत्मचरित्र मुलीने १९७०मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातलं शेवटचं वाक्य अर्धवटच आहे.