चघळणारे मूल

सदऱ्याची कॉलर ओली, बाहीचे टोक दातांनी कातरलेले, पाटीवरची पेन्सिल अर्धीअधिक चावून टाकलेली! असे मूल ज्या घरात नाही, ते घर विरळाच. आईच्या पदराचे टोक तोंडात धरल्याखेरीज झोप न येणारी मुले तर आपण सर्वांनीच पाहिली आहेत. ‘तोंडातून काढ’ हे शब्द अशा घरांतून दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जात असतील, याची गणती करणे कठीण आहे. मुलांच्या या सवयीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. आणि ते विशेषतः निपाणी-बेळगावकडील आपली घरे डोळ्यांसमोर ठेवून सांगावयाचे आहेत.

तोंडाचा हा छंद मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. आईच्या उदरात असतानाच मूल अंगठा चोखते, हे सोनोग्राफीच्या चित्रांतून स्पष्ट दिसून आले आहे. वडाच्या पानावर पहुडलेला आणि पायाचा अंगठा चोखणारा बाळमुकुंद आपल्या पूर्वजांनी कल्पिला, तो तान्ह्या मुलांकडे प्रेमाने पाहूनच कल्पिला असावा. हातपाय अद्याप पुरते ताब्यात आलेले नसतात, त्या वयात वस्तू मऊ की कठीण, थंड की ऊन, हे मूल ओठांनी आणि जिभेने पारखते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दात येऊ लागले, की हिरड्या शिवशिवतात आणि चघळण्यास आणखी एक निमित्त मिळते. अडीच-तीन वर्षांच्या अवधीत दुधाचे वीसही दात येऊन जातात.

मग त्यानंतरही कित्येक मुले चघळत राहतात, ती का? याचे उत्तर आपल्या स्वतःच्या वागण्यात सापडेल. हिशेब जुळेनासा झाला, की कारकून पेनाचे टोपण चावू लागतो. पाऊस लांबला, की बांधावर बसलेला शेतकरी चंची सोडतो. जबड्याची संथ आणि एका लयीत होणारी हालचाल मनाची चलबिचल शांत करते. मूलही तेच करीत असते. कमरेला चंची लावलेल्या आजोबांनी कॉलर चघळणाऱ्या नातवाला दटावावे, हे दृश्य म्हणूनच थोडे गमतीचे वाटते. दोघांचीही गरज एकच असते. नातवाजवळ चंची नसते, एवढेच.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मूल चघळते म्हणून त्याला मारू नये, चारचौघांत हिणवू नये. बोटांना मिरची किंवा कडू रस फासण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. परंतु तेच बोट डोळ्याला लागते, आणि मूल आधीच अस्वस्थ असेल तर ते अधिकच अस्वस्थ होते. त्याऐवजी आठवडाभर मूल नेमके केव्हा चघळते, एवढे शांतपणे पाहावे. भूक लागली असता? झोप आली असता? पाठचे भावंड आईच्या मांडीवर गेले असता? आपल्या सीमाभागात आणखी एक प्रसंग नित्याचा आहे. घरी मराठी बोलणारे मूल अंगणवाडीत जाते आणि तेथे कानडी बोल कानी पडतात. मुले दुसरी भाषा लवकर उचलतात, यात शंका नाही. परंतु पहिल्या काही दिवसांत, समोरचा काय म्हणतो हे उमगत नसताना, कॉलरचे टोक हाच त्या जिवाचा आधार असतो. अशा वेळी बाईंनी त्याच्या भाषेतील दोन शब्द बोलले, तर पुष्कळ काम होते.

आता मुख्य मुद्दा. चघळणे हे बहुधा निरुपद्रवी असते. चघळलेली वस्तू मात्र नेहमीच तशी नसते. निपाणीचा तंबाखू सर्वदूर प्रसिद्ध आहे. वखारीतून काम करून आलेल्या बाईच्या लुगड्यावर तंबाखूची भुकटी असते. घरी विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असते, सुपात पाने आणि जर्दा असतो, आणि शेजारीच मूल खेळत असते. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्यात कारखान्यामधील पाळणाघराची तरतूद होती. परंतु जी बाई आपल्याच ओसरीवर विड्या वळते, तिच्या मुलाला कोठले पाळणाघर? ते तिचाच पदर तोंडात धरते.

तंबाखूतील निकोटीन हे विष आहे. लहान मुलाच्या पोटात ते थोडेसे गेले, तरी लाळ सुटते, उलट्या होतात, मूल पांढरेफटक पडते. अधिक गेल्यास झटकेही येतात. असे काही दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा. दात शिवशिवतात म्हणून हिरड्यांवर बोटभर मशेरी लावण्याची चूकही कोणी करू नये. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे.

यास्तव काम करणाऱ्या मातेने एवढे नियम पाळावेत. सूप मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे. कामाचे लुगडे निराळे असावे. मुलाला उचलण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आणि पदराची सवय असेल, तर धुतलेल्या मऊ सुती लुगड्याचा एक तुकडा शिवून तो मुलाला ‘तुझा पदर’ म्हणून द्यावा. असे दोन-तीन तुकडे असले, की रोज एक धुता येतो. जुन्या पाळण्याच्या कठड्यावरील रंगाकडेही लक्ष द्यावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम २०१७ साली अंमलात आला. त्यापूर्वीच्या रंगांचे पोपडे मुलाच्या पोटात जाणे घातक होय.

सवय काढून घेण्यापेक्षा तिला चांगली वाट करून द्यावी. दात येणाऱ्या बाळाला गार पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके पुरते. चार वर्षांवरील मुलाला भाकरीचा कडक तुकडा किंवा भाजलेले कणीस समोर बसवून खाऊ घालावे. त्याहून लहान मुलाला मात्र शेंगदाणे, फुटाणे, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत; ते घशात अडकतात. पिपाणी फुंकणे, साबणाचे फुगे उडवणे, कणीक तिंबणे, पाण्याचा तांब्या उचलून आणणे या कामांनीही अंगातील अस्वस्थता निवळते. बहुतेक मुले दोन ते चार या वयात ही सवय आपण होऊनच सोडतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात. तेव्हाही अंगठा सुटला नसेल, तर समोरचे दात पुढे येण्याचा संभव असतो. त्या वेळी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

चघळणे निराळे आणि गिळणे निराळे. दोन वर्षांवरील मूल महिनाभर सातत्याने माती, खडू, पेन्सिल खात असेल, तर त्याच्या रक्तात लोह कमी असण्याचा संभव आहे. त्याला माती खाल्ली म्हणून मारण्यात अर्थ नाही. रक्त तपासून घ्यावे. मूल हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा वयाच्या मानाने बोलत नसेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची अशी तपासणी अंगणवाडीतच विनामूल्य करण्याची सोय आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि आपली शंका स्पष्ट बोलून दाखवावी.

मुलाच्या तोंडात जे आहे ते ओढून काढण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : ती वस्तू स्वच्छ आहे काय? आणि याच क्षणी मुलाला तिची गरज का भासली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर साबण आणि पाणी देईल. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी हातातले काम घटकाभर बाजूला ठेवून मुलाजवळ बसावे लागेल. विड्यांची संख्या भरावयाची असते, मजुरी त्यावरच असते, हे खरे. तरीही ती घटका मुलासाठी काढावी, एवढीच विनंती आहे.